नामपूरचा ओटीपी

सोनवणे बापूंनी साधा कंगवा मागवला तरी नामपूरला फोन जातो. तोही बाल्कनीतून, स्पीकर लावून, सकाळी आमच्या मजल्यावरची निम्मी माणसं दात घासत असताना.

"सांग," बापू म्हणतात. पलीकडून एक घोगरा आवाज आकडे सांगायला लागतो. "हं. पुढं. हं." सहा आकडे झाले की फोन कट. ना राम राम, ना जेवलास का. 'ओटीपी कुणालाही सांगू नका' असं बँक बिचारी प्रत्येक मेसेजमध्ये विनवते, पण आमच्या इमारतीत बापूंचा ओटीपी माहीत नाही असा माणूस सापडायचा नाही, वॉचमन धरून.

बापू इथे नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. खातं उघडलं तेव्हा अख्ख्या खानदानात मोबाईल होता एकट्या थोरल्या भावाकडे, गावी नामपूरला राहणाऱ्या दादांकडे. म्हणून बँकेत त्यांचाच नंबर दिला. पुढे बापूंनी स्वतःचा फोन घेतला, मग स्मार्टफोन घेतला, पण बँकेतला नंबर काही बदलला नाही. त्यामुळे त्यांना यूपीआय चालत नाही. भाजीवाली ऐटीत कोड पुढे करते आणि बापू खिशातून चुरगळलेल्या नोटा काढतात. ऑनलाइन काही घ्यायचं तर कार्ड, कार्डाला ओटीपी, आणि ओटीपीला दादा.

गंमत म्हणजे या दोघा भावांचा कित्येक वर्षं अबोला आहे. जमिनीवरून नाही हो, पैशावरूनही नाही. दादांच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत बापूंचं नाव दादांच्या मेहुण्याच्या खाली छापलं गेलं. झालं! बापू लग्नाला गेले, आहेर केला, पण पंगतीला बसले नाहीत. स्टँडवर वडापाव खाऊन नाशिकला परत आले. तो वडापाव ते अजून छाती फुगवून सांगतात. "आपण तत्त्वाचा माणूस!" म्हणे. तत्त्व इतकं कडक की सख्ख्या भावाशी बोलायचं ते फक्त आकड्यांत.

"बँकेत जाऊन नंबर बदला ना," असं मी शंभरदा सांगितलं. "बघू, आज गर्दी असेल," हे ठरलेलं उत्तर. एकदा तर रविवारीही गर्दी असेल म्हणाले.

बरं, मागवायचं ते एकदम मागवावं ना! छे. आज कंगवा, उद्या साबण, परवा त्या साबणाची डबी. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सगळं एकत्र मागवायला सांगतात, तर म्हणे, "एकेक मागवलेलं बरं असतं." का बरं असतं, ते विचारायची सोय नाही.

आता माझं पोट लॉगिनच्या पानांवर चालतं. घरी बसून एका कंपनीसाठी मी ती तपासते, त्यामुळे चार दमड्यांची अक्कल आपल्याकडे जास्त आहे असा माझा समज. आमच्याकडे सध्या एकच घोष चालू आहे: पासवर्ड गेले, ओटीपीही जाणार, आता पासकी. किल्ली आपल्याच फोनमध्ये राहते, आपण फक्त बोट टेकवायचं. चोराला सांगण्यासारखं काही उरतच नाही. बापूंच्या बँकेनेही कार्डाला ही सोय दिली आणि मी लगेच समाजसेवेला निघाले.

"बापू, एकदा बोट टेकवा, जन्माची कटकट मिटेल."

"दादाला विचारायचं नाही?"

"दादांनाच काय, कुणालाच नाही."

बापूंनी आपलं बोट उलटसुलट करून पाहिलं. "बरं. सायन्स आहे, आपण कोण अडवणार."

पासकी लावायला शेवटचा एक ओटीपी लागतोच. बापूंनी फोन लावला, "सांग" म्हणाले. आकडे आले. फोन कट झाल्यावरही ते स्क्रीनकडे बघत बसले. मी मात्र विजयी मुद्रेने काकूंचा चिवडा खाऊन घरी आले.

नंतर आमच्या मजल्यावर काय शांतता! मी स्वतःवर भलतीच खूश होते. मग एक दिवस काकूंनी जिन्यात गाठलं. "तू काय करून ठेवलंस गं? साबण संपलाय, मागवत नाहीत. सकाळी फोन घेऊन बाल्कनीत जातात आणि तसेच परत येतात. चहासुद्धा अर्धा टाकतात."

तेव्हा कुठे माझ्या शहाण्या डोक्यात उजेड पडला. हा माणूस कंगवे आणि साबण घेतच नव्हता. भावाचा आवाज ऐकत होता. मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी गेले त्यांच्याकडे.

"ते बोटाचं काढ," बापू माझ्याकडे न बघता म्हणाले.

"अहो, सुरक्षित आहे ते."

"असेल. दादाची सत्तरी उलटली. आवाज आला की कळायचं, माणूस ठीक आहे. आता काय कळणार मला?"

"मग तुम्हीच करा ना फोन."

"मी? आधी?" बापू ताठ झाले. "पत्रिका त्यांनी छापली!"

कप्पाळ माझं! मी त्यांचा फोन घेतला आणि सेटिंग उघडत होते, तोच तो माझ्या हातात वाजला. 'दादा नामपूर'. तिकडून कधी फोन येत नसे. बापूंचा चेहरा पडला. काकूंनी टीव्ही बंद केला. बापूंनी फोन घेऊन बटण दाबलं, स्पीकर सवयीने लागलाच.

"काय रे," तोच घोगरा आवाज. "इतला दिन झायात, तुना मेसेज उना नही. तुनी तब्येत बरी शे ना?"

बापूंनी फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. "बरी शे, दादा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून अहिराणी मी पहिल्यांदाच ऐकली. "तुनी?"

"गुडघा दुखस."

"दुखतो? आणि कुणाला सांगायचं नाही?" बापू असे तडकले की बस. "डॉक्टरला दाखवलं? नाही ना? वाटलंच मला! शेतात हिंडत असशील दिवसभर! गाडीत बस आणि नाशिकला ये, मी नेतो!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडाने थोरल्या भावाला झाडणं चालू होतं. पलीकडे दादा मुकाट्याने ऐकून घेत होते. फोन कट करत नव्हते.

"काकू," मी हळूच म्हटलं, "पासकी काढायची राहिली."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "राहू दे आता," त्या म्हणाल्या.