फुलाफुलांच्या चादरीआडची परीक्षा

कान दोन आणि डोळेही दोनच असले, तरी आवाजाची खरी पारख डोळ्यांनीच होते, हे आता जाणकारांत सर्वमान्य आहे. आमच्या श्रवण-परीक्षक मंडळाचे एकोणीस वर्षांचे कार्य याच पायावर उभे आहे. मंडळात अकरा सदस्य आहेत, सरासरी वय त्रेसष्ट. पैकी तिघे श्रवणयंत्र वापरतात (सभेत ते खिशात ठेवतात, एका यंत्राने दुसऱ्या यंत्राची परीक्षा करणे नियमात बसत नाही). मी बारावा, चिटणीस.

आमची पद्धत सोपी आहे. अध्यक्षांच्या दिवाणखान्यात आवाज मोठा करणारे यंत्र, म्हणजे ॲम्प्लिफायर, मांडतात. सदस्य त्याच्याभोवती एक फेरी मारतात, उचलून वजन बघतात, किंमत विचारतात आणि मग डोळे मिटून ऐकतात. तोवर मत बनलेले असल्यामुळे ऐकण्यात व्यत्यय येत नाही. मंडळाच्या प्रमाणपत्राला गावात मान आहे. ते नसेल तर एकही सभागृह यंत्राला दारात उभे करत नाही.

यंदा दोन यंत्रे आली. एक बेचाळीस किलोचे, निळ्या दिव्यांचे, अध्यक्षांनी स्वतःसाठी आधीच घेऊन ठेवलेले. दुसरे कोपऱ्यावरच्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याने दोन वर्षे खपून पत्र्याच्या डब्यात बसवलेले. डब्यावर अजून बिस्किटे होती (चित्रातली). त्याच्या बायकोने त्याला मुदत घातली होती: प्रमाणपत्र मिळाले तर दुकान, नाही तर एक तारखेपासून मेव्हण्याच्या पंपांच्या कारखान्यात.

पहिल्या परीक्षेत निळ्या दिव्यांना शंभरपैकी ब्याण्णव गुण पडले, डब्याला एकतीस. निळ्या दिव्यांतून गायिका कोणत्या नाकपुडीने श्वास घेते तेही कळते, असा अभिप्राय निवृत्त पोस्टमास्तरांनी दिला. डब्याचा आवाज सर्वांना पत्र्यासारखा वाटला. तो वाजायच्या आधीपासूनच वाटत होता.

निकाल तिथेच लागायचा, पण अध्यक्षांच्या वहिनी चहा घेऊन आल्या. त्या डोळ्यांच्या डॉक्टर आहेत, त्यामुळे निदान त्यांना तरी या विषयातले कळायला हवे होते.

"भाऊजी, ऐकायचंय ना तुम्हाला? मग बघताय कशाला?" असे म्हणून त्यांनी कपाटातली फुलाफुलांची चादर काढली आणि दोरीवर टाकली. वहिनींपुढे अध्यक्षांचे काही चालत नाही (नियम क्र. ४ पाहा). चादरीआड मी राहायचे, आधी एक यंत्र वाजवायचे, मग वायरी बदलून दुसरे, आणि कोणते केव्हा ते कागदावर लिहून ठेवायचे, असे ठरले. दुरुस्तीवाल्याला बाहेर जिन्यात बसवले, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून कुणाला सुगावा लागायला नको.

पहिल्या यंत्राला अठ्ठावन्न गुण पडले, दुसऱ्याला एक्क्याण्णव. दुसरे सुरू होताच पोस्टमास्तरांचे डोळे भरून आले. त्यांना पुन्हा नाकपुडी कळू लागली. चादर काढली, कागद वाचला. पहिले निळ्या दिव्यांचे, दुसरे डब्याचे. खोलीत शांतता पसरली, आणि ती मात्र सर्वांना सारखीच ऐकू आली.

तातडीच्या बैठकीत ही परीक्षा रद्द झाली. कारणे अशी: कोणते यंत्र चालू आहे हे ठाऊक नसल्याने सदस्यांना लक्ष देऊन ऐकावे लागले व त्याचा गुणांवर अनिष्ट परिणाम झाला, चादरीवरच्या फुलांत वरचे सूर अडकले (साधी चादर असती तर गोष्ट वेगळी), आणि अध्यक्षांनी यंत्र आधीच घेतलेले आहे. शेवटचे कारण एकमताने पहिले मानण्यात आले.

निकाल सांगायला मी डबा घेऊन जिन्यात गेलो. दुरुस्तीवाल्याने सगळे ऐकून घेतले आणि डबा काखेत मारला.

"चिटणीस, गुणांचं राहू द्या," तो म्हणाला. "पण दुसऱ्या वेळी वाजलं ते माझं नव्हतंच."

हे मी इतिवृत्तात 'विनय' या सदराखाली नोंदवले. त्याचे म्हणणे खरे होते. चादरीची दोरी सैल झाली होती. एका हाताने चादर सावरायची आणि दुसऱ्याने वायरी बदलायच्या, हे मला जमेना. पलीकडून "झालं का?" असा लकडा सुरू झाला, तेव्हा मी "झालं" म्हणालो आणि तेच यंत्र पुन्हा लावले. म्हणजे अठ्ठावन्न निळ्या दिव्यांना आणि एक्क्याण्णवही त्यांनाच. अकरा जणांना समोर बसून जे कळले नाही, ते त्याला बंद दाराआडून कळले. मला लाज वाटली, पण इतिवृत्तात लाजेसाठी रकाना नाही. एक तारखेला तो पंपांच्या कारखान्यात रुजू झाला.

तेव्हा त्या डब्याचा आवाज खरोखर कसा होता, हे मंडळ सांगू शकत नाही. एकदा तो वाजला तेव्हा आम्ही त्याला आधीच बघून बसलो होतो, आणि दुसऱ्यांदा तो वाजलाच नाही. वाचकांपैकी कुणा निष्पक्ष माणसाला विचारावे असे मनात आले होते. पण तुम्ही दोन्हींपैकी एकही यंत्र ऐकलेले नाही, आणि डबाच चांगला हे तुमचे केव्हाच ठरून गेले आहे. मंडळात सध्या एक जागा रिकामी आहे. तुम्ही अर्ज करण्याची गरज नाही.