घरगुती अडथळा, पान चार

मातृभाषा ही अतिशय नाजूक गोष्ट असून ती आईच्या हाती सोपवणं धोक्याचं असतं. हे ओळखूनच जर्मनीतल्या डुइसबुर्गमधल्या स्थलांतरित मुलांसाठी तुर्की मातृभाषेचं पाठ्यपुस्तक करायला सात जणांची समिती नेमली गेली. सहा जण अंकाराहून आले. सातवा मी, इथल्या शाळेत एकवीस वर्षं तुर्की शिकवणारा. माझ्याकडे चहाची व्यवस्था होती.

पुस्तक उत्तम झालं. पहिल्याच धड्यातली आई म्हणते, "प्रिय कन्ये, भोजनापूर्वी हस्तप्रक्षालन कर."

चाचणीत प्रश्न आला : तुझी आई जेवायला कशी बोलावते? नऊ वर्षांच्या गुलिझारने लिहिलं, "ये गं मेले, कोबीचं सूप गार होतंय!" मातृभाषेत नापास.

तिची आई हाजेर (मूळची तुर्कस्तानातल्या रिझेच्या डोंगरातली, आता इस्पितळाच्या धुलाईखान्यात) कामावरून तशीच समितीपुढे आली.

"सर, मी अशीच हाक मारते हो. पोरीनं खोटं काय लिहिलं?"

"खोटं नाही बाई, अशुद्ध," अध्यक्ष नेज्देत बे (बे म्हणजे साहेब) म्हणाले. "तुमची भाषा मातृभाषेत बसत नाही."

"मग मी तिची कोण?"

"घरगुती अडथळा. पान चार."

मग शनिवारी आयांचा वर्ग सुरू झाला. एकतीस आयांपैकी तीस नापास झाल्या (एक गैरहजर होती). पहिला नंबर आला श्रीयुत क्लोपेनबुर्ग यांचा. ते हीटर दुरुस्त करायला आले होते आणि थांबले. त्यांची आई जर्मन, त्यामुळे तुर्की बिघडवणारं घरी कुणी नव्हतं.

हाजेर आता पुस्तकात वाक्य शोधून मगच बोलू लागली. वाक्य सापडेपर्यंत सूप गार. शेवटी तिनं बोलणंच सोडलं. गुलिझार धाकट्या भावाशी जर्मनमध्ये भांडू लागली. समितीने अहवालात लिहिलं : घरातल्या तुर्की चुका शंभर टक्के बंद.

ईदला हाजेरने गावी फोन लावला आणि पान एकोणीसवरून वाचलं, "वंदनीय माते, सणाच्या हार्दिक शुभेच्छा."

"कोण साहेबीण बोलताय?" म्हातारी म्हणाली. "माझी लेक जर्मनीत असते, ती दुपारी करेल फोन. लाईन अडवू नका." आणि ठेवून दिला.

हे मला सांगताना हाजेरला रडू कोसळलं. मी ते समितीपुढे मांडलं. नेज्देत बेंनी समाधानाने नोंद केली : उच्चार इतके निर्दोष, की सख्ख्या आईलाही शंका आली.

आपण हे वाचून हसलात, आनंद आहे. आता शेजारच्या खोलीतल्या आपल्या मुलाला एवढंच वाचून दाखवा. त्याला समजलं नाही, तर आमची समिती तुमच्याकडे यायला तयार आहे.