हात मनगटापर्यंतच घालावा

माझ्या नातीला मुलगा झाला आणि त्याला आडनाव आमचे लावायचे की नातजावयाचे यावरून दोन्ही घरे सात महिने एकमेकांशी बोलत नव्हती, त्या वर्षी मला एक सत्य उमगले. आपल्याला काय विकत घ्यायचे आहे हे माणसाला स्वतःहून कधीच कळत नाही. ते त्याला बसमधून नेऊन, दार लावून, शांतपणे समजावून सांगावे लागते. सहल या संस्थेचा पायाच हा आहे.

आमच्या नानबांग गावात वृद्ध मंडळ आहे. मंडळाची उद्दिष्टे दोन: रोज पत्ते खेळणे आणि वर्षातून एकदा सहलीला जाणे. त्या वर्षी बीजिंगची पाच दिवसांची सहल ठरली. जाणे-येणे, राहणे, जेवण, मोठी भिंत आणि राजवाडा, सगळे मिळून माणशी दोनशे नव्व्याण्णव युआन. एवढ्यात घरी राहून पाच दिवस धड जेवणही होत नाही. तेव्हा घरी बसणे परवडत नव्हते म्हणून आम्ही निघालो, असे म्हटले तरी चालेल.

मी अक्षरे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी शिकलो, त्यामुळे छापील कागदावर माझा अजून पूर्ण विश्वास आहे. सहलीचा कागद मी रेल्वेत तीनदा वाचला. प्रत्येक स्थळापुढे वेळ दिलेली होती. मोठी भिंत, पन्नास मिनिटे. राजवाडा, सत्तर मिनिटे. राजवाड्यापुढचे मैदान, बसमधून. रेशीम संस्कृती सभागृह, दोन तास चाळीस मिनिटे. मोठ्या भिंतीपेक्षा रेशीम तिपटीहून अधिक प्रेक्षणीय असते, हे यावरून सिद्ध होते.

इथे एक खुलासा करायला हवा. आमचे गाव रेशमाचे आहे. आम्ही अडतीस जण होतो, आणि अडतीसही जणांचा जन्म तुतीची पाने तोडण्यात, अळ्यांना ती घालण्यात आणि कोष उकळत्या पाण्यात टाकण्यात गेला होता. अशा माणसांना बाराशे किलोमीटर दूर नेऊन रेशीम दाखवावे, ही कल्पना ज्याला सुचली त्याचे नाव कागदावर नव्हते. मोठी माणसे पुढे येत नाहीत.

सहलीत माझी थोरली बहीण आपाओ होती. वय एक्क्याऐंशी. तिला मूलबाळ नाही, नवरा जाऊन तीस वर्षे झाली, राहते आमच्या शेजारच्या घरात. अळ्या पाळण्यात गावात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. वसंतात एक हंगाम, शरदात एक, अशी तिने साठ वर्षे काढली. पण स्वतः मात्र ती कधी रेशमाखाली झोपलेली नव्हती. यात कोणाची चूक नाही, आमची व्यवस्थाच तशी सुबक आहे. चांगले कोष सरकारी खरेदी केंद्रावर जातात. दोन अळ्या एकाच कोषात गुंतल्या की त्यांचे धागे एकमेकांत अडकतात, ते गिरणी घेत नाही. असे जोडकोष घरी उरतात. ते ओले करून, ताणून, त्यांची रजईत घालण्याजोगी भरण करतात. त्यातली निम्मी भरण मुलीच्या लग्नात द्यायची आणि निम्मी मेलेल्या माणसावर पसरायची. माणसाच्या आयुष्यात हे दोन प्रसंग महत्त्वाचे, आणि दोन्हींची तरतूद आहे. मधल्या काळासाठी कापूस असतो.

आक्काचे लग्न झाले त्या साली गावातल्या माणसांनी तुतीची पानेसुद्धा उकडून खाल्ली होती. तिला लग्नात काही मिळाले नाही. म्हणजे तिचा एक प्रसंग हुकला होता आणि एक शिल्लक होता.

रेल्वेत ती माझ्याजवळ सरकून म्हणाली, "फूगेन, मला तिथे रजई घ्यायची आहे. रेशमाची."

"घरी तीन किलो भरण आहे की," मी म्हणालो.

"ती माझ्या मढ्यासाठी आहे. मी माझ्यासाठी म्हणतेय."

यावर आमच्या रिवाजात काही तरतूद नसल्यामुळे मी खिडकीबाहेर पाहिले.

सभागृहाकडे जाताना आमची मार्गदर्शक मुलगी थांग हिने बसमध्ये तीनदा सांगितले की, काका, मावशी, तिथे काही घेतलेच पाहिजे अशी सक्ती मुळीच नाही. ते खरेच होते. घेणे ऐच्छिक होते, थांबणे नव्हते. आम्ही उतरल्यावर बसला कुलूप लागले आणि चालक झोपायला गेला. (कुलूप आमच्या पिशव्यांच्या सुरक्षिततेसाठी होते. पिशव्यांत उकडलेली अंडी होती.)

सभागृहाला आत जायचे दार एक आणि बाहेर पडायचे दार एक, मध्ये अकरा खोल्या. स्वच्छतागृह नवव्या खोलीत, रजई विभागाच्या पलीकडे. ज्याने ही आखणी केली त्याला सत्तरीपुढच्या माणसाच्या शरीराची पक्की जाण होती. बसायला चार खुर्च्या होत्या, आणि प्रत्येक खुर्चीशेजारी हसऱ्या चेहऱ्याची एक मुलगी उभी होती.

पहिल्या खोलीत जुन्या काळचा पोशाख घातलेल्या मुलीने रेशमाचा किडा काय खातो ते सांगितले. तो पाने खातो. मग तो चारदा कात टाकतो, मग तो धागा काढतो. आम्ही अडतीस जणांनी हे लक्ष देऊन ऐकले. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या मंडळाच्या खजिनदार बाई, ज्यांच्या घरात आजही अळ्यांचा वास येतो, मला म्हणाल्या की पोरगी किती छान सांगते, आपल्याला असं कधी सांगता आलं असतं का. तेही खरेच. आम्हाला कधी कोणी विचारलेले नव्हते.

आमच्यात याओ जिनमाओ होता. तीस वर्षे त्याने खरेदी केंद्रावर कोषांची प्रतवारी केली. अंगठा आणि तर्जनी यांच्यात कोष दाबून तो एकच शब्द बोलायचा, "पहिली", "दुसरी" किंवा "तिसरी", आणि त्या शब्दावर घराची वर्षभराची डाळ-भाजी ठरायची. (आक्काचे पहिल्या प्रतीचे कोष त्याने एकदा तिसऱ्यात घातले, तेव्हापासून ती त्याला नमस्कार करते पण बोलत नाही.) त्याने त्या मुलीला विचारले, हे कोष कोणत्या वाणाचे. ती म्हणाली, नैसर्गिक वाणाचे. याओने मान डोलावली आणि पुढे काही विचारले नाही.

आठव्या खोलीत रजया होत्या. प्रत्येक रजईला कोपऱ्यात वीतभर चेन, ती उघडून आत हात घालून खात्री करून घ्यायची सोय. एवढा प्रामाणिकपणा मी बँकेतही पाहिलेला नाही. वर पाटी होती: "ग्राहकांनी हात मनगटापर्यंतच घालावा." रेशीम नाजूक असते, घामाने खराब होते, असे कारण दिलेले होते. मुलीने कोपऱ्यातून एक धागा ओढला आणि काडी लावली. केस जळल्याचा वास आला, धाग्याची राख झाली, राख बोटांनी चुरली गेली. आम्ही सगळ्यांनी खरे आहे अशी मान हलवली, कारण तो धागा खरोखरच खरा होता.

मुलगी दुसरी काडी शोधत असताना याओने हात कोपरापर्यंत घातला. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, जुन्या दिवसांसारखा, नजर छताकडे. मग त्याने हात बाहेर काढला आणि पाठीमागे धरला.

"मनगटापर्यंत रेशीम," तो माझ्या कानाशी म्हणाला. "आत सगळं प्लास्टिक."

"आक्काला सांग."

"तू सांग. बहीण तुझी."

"प्रतवारीवाला तू."

"मी निवृत्त आहे," याओ म्हणाला.

त्यानंतर प्रात्यक्षिक झाले. भरणीची ओली जाळी चार जणांनी चार कोपऱ्यांत धरायची आणि मागे सरकत ताणायची. मोठी गंमत असते, परदेशी पाहुणे तर याचे फोटो काढून घेतात, असे त्या मुलीने सांगितले. आमच्याकडे जाळी बाई एकटीच ताणते; चौघे जण रेशीम असे धरतात ते फक्त मेलेल्या माणसाच्या वर. सगळ्या बायकांनी हात बाह्यांत ओढून घेतले. मुलीला वाटले त्या लाजताहेत. एकटी आक्का पुढे झाली आणि तिने कोपरा धरला. तिच्या हातात जाळी अशी सारखी पसरली की दुकानाच्या तीन मुली आपापले कोपरे धरून नुसत्या पाहत राहिल्या.

तेव्हा विभागाची मुख्य, स्युए नावाची बाई, जवळ आली. तिने आक्काचे हात आपल्या हातात घेतले आणि विचारले, "आजी, एवढी वर्षं तुम्ही अळ्या पाळल्या. तुम्हाला कोणी कधी एक रेशमी रजई दिली का हो?"

हा प्रश्न त्यांना प्रशिक्षणात शिकवलेला असणार, पाठ सहावा किंवा सातवा. पण आमच्या गावात तो साठ वर्षांत कोणाला सुचला नव्हता, याचीही नोंद घ्यावी.

"नाही," आक्का म्हणाली.

बोलायचे असेल तर ही वेळ होती. मी तोंड उघडलेही. पण खोटे रेशीम कोणते हे सांगितले असते, तर पुढच्याच वाक्यात खरे कुठे आहे तेही सांगावे लागले असते. ते माझ्या पलंगाच्या पायथ्याशी, कापराच्या लाकडाच्या पेटीत होते. निम्म्याहून जास्त आक्काने स्वतःच्या हाताने ताणलेले. म्हणून मी स्युएबाईंना विचारले की रजईबरोबर खोळ फुकट मिळते का.

मिळत होती.

आक्काने रजई घेतली. मग खजिनदार बाईंनी घेतली, मग त्यांच्या जावेने. एकट्या आक्काने घेतली असती तर ती फसली असे झाले असते. अडतीस जणांत एकोणतीस रजया खपल्या की त्याला फसवणूक म्हणत नाहीत, तो गावाचा ठराव होतो. याओने दोन घेतल्या. थांग परतीच्या बसमध्ये उभी राहून आम्हा सर्वांना वाकून नमस्कार करत होती. असा समजूतदार गट आजवर आला नाही, असे ती म्हणाली. त्या दिवशी राजवाडा पाहायचा राहून गेला. कोणीही तक्रार केली नाही.

आमच्याकडचा हिवाळा भिंतीतून आत येतो. आमच्या चांद्र पंचांगाच्या अकराव्या महिन्यात आक्काला खोकला धरला आणि ती अंथरुणातून उठेना. मी सकाळी तांदळाची पेज घेऊन गेलो. ती त्या रजईखाली होती. खोळ मोरपंखी रंगाची, फुकटची.

"गरम आहे का?" मी विचारले.

"आहे. प्लास्टिक गरमच असतं."

मी पेजेचा वाडगा खाली ठेवला.

"असा काय बघतोस? बोटं काय मेलीत माझी? जाळी हातात धरली ती खरी होती, रजई धरली ती नव्हती. तिथेच कळलं."

"मग घेतलीस कशाला, आक्का?"

"त्या पोरीने विचारलं म्हणून," ती म्हणाली आणि तिने रजई हनुवटीपर्यंत ओढली. "तू तर खोळ विचारलीस."

घरी येऊन मी हा विषय बायको आणि मुलापुढे मांडला. पेटी उघडून आक्काला खरी रजई करून द्यावी का, यावर दोन दिवस चर्चा झाली. हरकती तीन आल्या. पहिली, माणूस जिवंत असताना त्याच्या मरणाचे रेशीम बाहेर काढणे म्हणजे त्याला घालवणे. दुसरी, वापरलेले रेशीम मग ऐन वेळी नवे म्हणून पसरता येणार नाही, आणि लोक बघतात. तिसरी, तिच्याकडे आता एक रजई आहेच. तिसरी हरकत सर्वांत बिनतोड ठरली. निर्णय नववर्षानंतर घ्यावा असे ठरले, आणि कोणाचाही विरोध नसल्यामुळे ते एकमताने ठरले असे धरावे.

वाचणाऱ्याला आतापर्यंत त्या सभागृहाचे पुष्कळ हसू आले असेल. यावे, ते दुकान हसण्यासारखेच होते. पण हसून झाले की घरातल्या कपाटापाशी जावे आणि सगळ्यांत चांगली चादर कोणासाठी ठेवली आहे ते विचारावे. पाहुण्यांसाठी, असे उत्तर मिळेल. मग कोणता पाहुणा आणि तो कधी येणार, तेही विचारून घ्यावे. स्युएबाईंनी निदान विचारले तरी.

माझी थोरली बहीण शेन आपाओ बाराव्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी, सकाळी, नववर्षाला अकरा दिवस असताना वारली. दुपारी आम्ही पेटी उघडली.