उजवा हात खिशात

त्या गुरुवारी दुपारी मोशीच्या स्टॉपवर मी भलत्याच बसमध्ये चढलो. बस आली, दार उघडलं, मी दांडा धरून वर गेलो आणि पाहतो तर निळ्या शर्टांतली पोरं माझ्याकडे टकामका बघतायत. सगळ्यांच्या गळ्यात कार्डं. ड्रायव्हर म्हणाला, "काय काका, सेकंड शिफ्टला जॉइन झालात का?"

कंपनीची बस होती ती. अर्धं आयुष्य या पट्ट्यात काढलेल्या माणसाने असं चुकू नये. पोरं खिदळली, मी उतरलो. खाली उभे असलेले किसनभाऊ मात्र हसत नव्हते. ते बसच्या पायरीकडे निरखून बघत होते.

"ही पायरी रिजेक्ट," ते म्हणाले.

"अहो, बसच आपली नव्हती!"

"व्हय, पन पायरी कळली ना. बरं झालं चढलात."

किसनभाऊ आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे चाकणकडचे शेतकरी. पुढे एका कारखान्यात माल तपासायला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. सगळा जन्म 'पास' आणि 'रिजेक्ट' म्हणण्यात गेला. आता कारखाना सुटला, पण तपासणी काही सुटत नाही. कोथिंबिरीची जुडी, सोसायटीची लिफ्ट, माझं हेल्मेट, काहीच त्यांच्या तावडीतून सुटत नाही. माझ्या भाचीला बघायला आलेला मुलगा त्यांनी जिन्यातच रिजेक्ट केला. नंतर कळलं, तो कुरिअर घेऊन आला होता.

असा माणूस बुधवारी दारात येऊन म्हणाला, "उद्या मोकळे हाय ना? चार परमिट रूम बघायच्या हायत. बसनं जाऊ."

किसनभाऊंनी दारू सोडलेली आहे, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे. मी बायकोकडे पाहिलं. सुनंदाचा गुरुवारी उपास असतो.

"बघायच्या म्हणजे?" तिने मला विचारलं.

"बघायच्याच असतील," मी म्हणालो. मला तरी कुठे माहीत होतं?

तर आमची बस आली. चढताना किसनभाऊ कानाशी म्हणाले, "उजवा हात खिशात ठेवा." मला वाटलं, पाकीटमारांचा सुळसुळाट असेल. मी पाकीट घट्ट धरलं. बसने गचका दिला आणि मी एका मावशींच्या मेथीवर जाऊन बसलो.

"डाव्या हातानं दांडा धरायचा हुता," किसनभाऊ म्हणाले. मावशी त्याहून बरंच काही म्हणाल्या.

पहिल्या परमिट रूमला रस्त्यावरूनच उंच पायऱ्या होत्या. किसनभाऊंनी मला त्या चढायला लावल्या, तेही उजवा पाय ओढत. वर पोहोचलो तेव्हा गल्ल्यावरचा माणूस माझं तोंड बघून म्हणाला, "काका, बाहेरनंच टाकून आलात व्हय?"

"रिजेक्ट," खालून आवाज आला.

मग उन्हातून पायी कुरुळीपर्यंत. तिथे बसायची सोय वरच्या मजल्यावर. वर एसी, मंद दिवे, गार बिअरचा वास. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच किसनभाऊ म्हणाले, "जाऊन या."

"कुठे?"

"संडासात."

"मला लागलेली नाही हो."

"लागायची गरज न्हाई. दार केवढं हाय ते बघा. आन् उजवा हात खिशातच."

एका हाताने कडी लावताना माझी जी तारांबळ उडाली ती सांगण्यासारखी नाही. बाहेर आलो तर किसनभाऊ जिना उतरत होते. मला आता वेगळीच शंका येऊ लागली. हे बार काढतायत का? की यांचं डोकं तपासायला पाहिजे? तिसऱ्या ठिकाणी, चाकणच्या अलीकडे, उजवा हात न टेकता खुर्चीतून उठताना मी खुर्चीसकट आडवा झालो, तेव्हा वाटलं, तपासायला माझंच पाहिजे.

चौथी परमिट रूम ट्रकच्या एका वजनकाट्याच्या मागे. पत्र्याची, पंखे घरघरणारे. पण बाटल्यांचे क्रेट ढकलत आत नेतात म्हणून दाराला पायरीच नव्हती. मी पाय ओढत थेट टेबलापर्यंत गेलो. संडास त्याच फरशीवर, दार रुंद. खुर्चीलाही दोन्हीकडे हात. किसनभाऊंनी डावीकडचा हात हलवून बघितला. पक्का होता.

"भाऊ," मी म्हणालो, "आता सांगा, नाहीतर मी इथेच रडेन."

त्यांनी दोन सोडे मागवले.

"कारखान्यात यशवंता प्रेस मशिनीवर हुता, मी चेकिंगला. दिवसभर त्याचा माल मी रिजेक्ट करायचो, आन् शिफ्ट सुटल्यावर बसनं जाऊन एकाच टेबलाला बसायचो. तो मला शिव्या द्यायचा, मी त्याला. मागच्या साली त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली."

"आता कुठे असतात?"

"चिंबळीला, पोराकडं. घराभाईर पडत न्हाई. पोरानं उचलून गाडीत घालायचं म्हटलं की रडतो. जीभ चालत न्हाई, पन परवा डाव्या हातानं मला गिलास दाखवला. म्हंजे जायचंय, पन चालत जायचंय. बसनं. डॉक्टरनं दारू बंद केलीया, सोडाच पिऊ. टेबल पायजे."

"आणि यात मी कशाला?"

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "तुमच्याच अंगाचा हाय तो."

त्यांनी समोरची रिकामी खुर्ची ओढून टेबलाशी नीट लावली. सोड्याचा फेस बसून गेला. 'पास' म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो.

"आला तर बरं," एवढंच म्हणाले.

घरी आलो तेव्हा सुनंदा उपास सोडायच्या तयारीत होती. तिने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला. मग सगळं ऐकलं, अगदी मेथीसकट, आणि तरी हसली नाही. ताटात भात वाढता वाढता थांबली.

"ते दोघं जातील त्या दिवशी तुम्हीपण जा," ती म्हणाली. "बसमध्ये चढताना मागून धरायला कुणीतरी लागेलच. पण आत जाऊन बसू नका. बाहेर चहा घेत थांबा. आधी पोटभर भांडू देत त्यांना."