बाबा निवडणुकीला उभे राहतात

पानिकपाक जमिनीवर पुठ्ठा पसरून ताज्या सीलची कलेजी कापत बसली होती, तेवढ्यात नुताराक दारातूनच म्हणाला, "पोरी, मी निवडणुकीला उभा राहतोय."

पोरगी सत्तरीला टेकली होती आणि बाप पस्तिशीचाही नव्हता. तसा नुताराक तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पण पानिकपाकचा बाप गेला त्याच आठवड्यात हा जन्मला, बापाचं नाव याला दिलं, आणि नाव दिलं म्हणजे माणूस परत आला. तिकिराक वस्तीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. तो आईच्या पाठीवर, तिच्या कोटाच्या टोपीत बसून अंग ओलं करायचा तेव्हाही पानिकपाक त्याला "बाबा" म्हणायची आणि अहोजाहो करायची. तिच्या जिभेच्या तडाख्यातून पाद्री सुटला नव्हता, नर्स सुटली नव्हती, विमानाचा पायलट सुद्धा सुटला नव्हता. नुताराक तेवढा सुटला. बापाला उलटून कोण बोलणार?

"कसली निवडणूक, बाबा?"

"विधानसभेची. राजधानीला, यलोनाइफला. सरकार म्हणतं, तिकिराकचा एक माणूस पाठवा. लोक मला म्हणाले, तू जा. मी म्हटलं, मला काही कळत नाही. ते म्हणाले, म्हणूनच जा."

"आणि परत कधी येणार?"

"बर्फ फुटायच्या वेळी. मग पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जायचं."

पानिकपाकची सुरी कलेजीतच थांबली. तिला मांस आणून द्यायचं ते नुताराक. तो गेला तरी ती उपाशी मरणार नव्हती, वस्तीतल्या प्रत्येक घरातून तिच्याकडे तुकडा आला असता. दुखणं तेच होतं. बापाने आणलेलं मांस हक्काचं. दुसऱ्याच्या घरचं मांस खाल्लं की त्या घरच्या सुनेने शिवलेल्या बुटांना छान म्हणावं लागतं. आणि त्या सुनांचे टाके पानिकपाकने पाहिले होते.

"तुमची मर्जी, बाबा," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

समोरचा उमेदवार होता दुकानाचा मॅनेजर मॅकेल्वी. बारा गावचं पाणी प्यालेला गोरा, तिकिराकची भाषा मोडकीतोडकी पण मोठ्या आवाजात बोलणारा. वस्तीच्या रेडिओवर पहिली पाळी त्याची होती. रेडिओची खोली कपाटाएवढी, ती चालवायची उलिपिका नावाची गोल चेहऱ्याची बाई.

"मी धावपट्टी आणीन!" मॅकेल्वी गरजला. "मी दिवे आणीन! माझ्यासारखा हुशार माणूस इथे दुसरा नाही! मी स्वतः मलाच मत देणार!"

घराघरांत लोकांनी माना खाली घातल्या. एवढा मोठा माणूस आणि आपल्याच तोंडाने हे असं. उलिपिकाचे कान लाल झाले. "बिचाऱ्याची आई लहानपणीच गेली असेल," पानिकपाकच्या शेजारणीने सुस्कारा सोडला.

मग नुताराक बोलला. "मी नुताराक. गेल्या साली धुक्यात माझी वाट चुकली. इंग्रजी मला येत नाही. मॅकेल्वी मोजायला चांगला आहे. कुणाची तरी किटली माझ्याकडे राहिली आहे, ती न्या."

झालं. भिंतीपलीकडून शेजाऱ्यांचे समाधानाचे हुंकार पानिकपाकला ऐकू आले. असा माणूस सोडून मत कुणाला द्यायचं? तिने ओळखलं की बाबा असेच बोलत राहिले तर विमानात बसल्याशिवाय राहत नाहीत. त्यांना पाडायचं तर एकच उपाय होता.

"बाबा, एक मागू?"

"माग की, पोरी." बाप पोरीला नाही म्हणत नसतो.

"रेडिओवर जा आणि स्वतःचं कौतुक करा. तुमच्या तोंडाने. भरपूर."

अस्वल अंगावर आलं तेव्हा नुताराक एवढा पांढरा पडला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तो गेला. बराच वेळ रेडिओवर नुसता श्वास ऐकू येत होता.

"माझी पोरगी म्हणते, मी चांगला शिकारी आहे असं सांगा," तो शेवटी म्हणाला. "तर... मी चांगला..." पुन्हा श्वास. "पोरीचं मन मोडवत नाही हो. पण अस्वल आलं त्या दिवशी मी बंदूक तंबूतच विसरलो होतो, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. उलिपिका, बंद कर गं ते."

लोक पोट धरून हसले आणि मग डोळे पुसू लागले. पोरीच्या शब्दाखातर बापाने एवढी लाज सोसली! जे दोन-चार जण काठावर होते तेही नुताराकचे झाले.

मग पानिकपाकने स्वतःच कंबर कसली. माणसाने आपली स्तुती केली तर लाज वाटते, पण घरच्यांनी केली तर किळसच येते, असा तिचा हिशेब. ती रेडिओच्या खोलीत घुसली.

"मावशी, आधी ही गाणी..." उलिपिका म्हणाली.

"सरक गं! गाणी कुठे पळून जात नाहीत." तिने माइक ओढला. "ऐका. नुताराकसारखा शिकारी नाही. नुताराकएवढी अक्कल कुणाला नाही. मत द्यायचं तर त्यांनाच द्या."

घरोघरी लोकांनी रेडिओचा आवाज वाढवला. हिशेबात एकच गोष्ट राहून गेली होती. पानिकपाकच्या तोंडून आजवर कुणी कुणाचं भलं ऐकलेलं नव्हतं. नवऱ्याला पुरताना सुद्धा ती एवढंच म्हणाली होती, "घोरायचं थांबलं." ती बाई जेव्हा एखाद्याला चांगला म्हणते, तेव्हा तो किती चांगला असला पाहिजे! उलिपिका माइकपाशीच हुंदके देऊ लागली आणि ते हुंदके घरोघर पोचले.

राहता राहिला मतदानाचा दिवस. आदल्या दिवशी पानिकपाकने बातमी सोडली की मोठ्या तळ्यावर मासा गळाला नुसता झोंबतोय. मासा खरोखरच झोंबत होता, खोटं ती कशाला बोलेल? सगळी वस्ती घसरगाड्या बांधून तळ्यावर गेली. मताचं कुणाच्या मनात नव्हतं असं नाही, पण मासा आज होता.

मतदान अधिकारी विमानातून पेटी घेऊन उतरला तर शाळेत चिटपाखरू नाही. नर्स आणि शिक्षक तेवढे येऊन मत देऊन गेले. मॅकेल्वीच्या कांद्याच्या भावावरून दोघांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं, तेव्हा ती मतं कुणाची हे सांगायला नको. नुताराक लाजून घरीच घसरगाडी दुरुस्त करत बसला होता. अधिकाऱ्याने हातवारे करत त्याला विचारलं, "मला तळ्यावर नेशील?"

नुताराकने भुवया उंचावल्या, म्हणजे हो. अधिकारी उत्तराची वाट बघत राहिला. त्याने पुन्हा विचारलं. भुवया आणखी वर गेल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर वर जायला जागाच उरली नाही, तेव्हा नुताराकने बर्फावरची फटफटी चालू केली. मागच्या घसरगाडीत पेटी, पेटीवर अधिकारी, आणि उमेदवाराच्या हाती पेटी नको म्हणून नजर ठेवायला दुसरा उमेदवार.

तळ्यावर पानिकपाकला हे प्रकरण येताना दिसलं तेव्हा तिच्या हातून मासा निसटला.

"मत द्यायला आडोसा लागेल," अधिकारी म्हणाला. मुक्कामासाठी तळ्यावर बांधलेल्या बर्फाच्या घरांत सगळ्यात मोठं पानिकपाकचं. तिच्याच अंथरुणाशेजारी पेटी ठेवली गेली. लोक गळ खोचून रांगेत उभे राहिले, वाकून आत शिरले, मत देऊन बाहेर आले आणि पुन्हा बर्फात पाडलेल्या आपापल्या भोकापाशी बसले. उमेदवारही रांगेतच होते.

सगळ्यात शेवटी पानिकपाक आत गेली. कागदावर दोन नावं होती, वर मॅकेल्वी, खाली बाबा. प्रार्थनेच्या पुस्तकापुरतं वाचायला तिला येत होतं. तिने पेन्सिल मॅकेल्वीच्या नावावर नेली. खाली बाबा बघत होते. ज्या माणसाच्या आधी आपण कधी चहाचा घोट घेतला नाही, त्याच्या डोक्यावरून हात नेऊन परक्याला खूण करायची? पेन्सिल वर राहीना. "बघू नका ना, बाबा," ती पुटपुटली आणि बाबांच्याच नावापुढे खूण करून बाहेर आली.

मतं घसरगाडीवर मोजली. मॅकेल्वीला दोन, बाकी झाडून सगळी नुताराकला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक मत मॅकेल्वीचं स्वतःचं, हे त्याने रेडिओवर सांगितलेलंच होतं. पण दुसरं? नुताराक खाली वाकून घसरगाडीचा बर्फ खरवडू लागला. त्याचे कान त्या तळ्यातल्या माशाच्या तांबड्या मांसासारखे झाले होते. स्वतःलाच मत देण्याचा निलाजरेपणा त्याच्याने होणार होता थोडाच?

"आपण विश्वासाने पाठवायचं," एक म्हातारा सावकाश म्हणाला, "आणि त्याचाच स्वतःवर विश्वास नसला तर मग..."

"ते मत माझं!" पानिकपाक ओरडली.

सगळे वळले.

"डोळे फाडून काय बघताय? मीच दिलं मॅकेल्वीला! बाबा गेल्यावर मला मांस कोण घालणार? तुम्ही? आणि मग मी तुमच्या सुनांचे वाकडे टाके बघून छान छान म्हणत बसू? रेडिओवर बोलले ते लोकलाजेने. मत दिलं ते पोटाने!"

नुताराकने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. एका सुनेने हळूच पाय मागे घेतले. म्हातारीच्या पोटाचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता, याची वस्तीला लाज वाटली.

वस्तीवर परतल्यावर पानिकपाकच्या पडवीत मांस येऊन पडू लागलं. सीलच्या बरगड्या, कॅरिबूची मांडी, मासे. लोक ठेवायचे आणि चूक कबूल केल्यासारखे न बोलता निघून जायचे. हे उपकाराचं नव्हतं, दंडाचं होतं. पानिकपाक दारात उभी राहून खुशाल ओरडायची, "हा कॅरिबू म्हातारपणाने मेला होता काय रे?" तिचे दिवस मजेत चालले होते.

नुताराक निघायच्या दिवशी उसना कोट घालून निरोप घ्यायला आला. "पोरी, ते दुसरं मत..."

"बाबा, कलेजी खा. गार होतेय."

तेवढ्यात दार ढकलून मॅकेल्वी आत आला. हातात दुकानातला डुकराच्या मांसाचा डबा. त्याचे डोळे भरून आले होते.

"अख्ख्या वस्तीत," तो म्हणाला, "माझ्यावर विश्वास ठेवणारी तू एकटी!"

त्याने स्वतःच्या हाताने डबा उघडला, एक गुलाबी, थरथरता काप काढला आणि तिच्यापुढे धरला. पानिकपाकने तोंड उघडलं. मग तिची नजर बाबांकडे गेली. बाबांचे कान पेटले होते. तिने काप तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"कसं आहे?"

"छान," पानिकपाक म्हणाली. "फार छान."

मॅकेल्वीने नाक पुसलं. "दर शनिवारी एक आणीन!"

"घे, पोरी," नुताराक खाली बघत हळूच म्हणाला, "अजून एक घे."