मी असलो तरी उघडायचं नाही!

देश कोसळला तर सगळ्यात शेवटी कोसळणारं घर आमचं असेल, असं मी छातीठोकपणे सांगत होतो. आणि का सांगू नये? संकटांचा विचार करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे! मी एका रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. आग कुठून लागेल, पिंप कुठे फुटेल, कोण कुठे घसरून पडेल, याची काळजी करण्याचा मला पगार मिळतो. ‘सांडलेलं ताबडतोब पुसा!’ ही कारखान्यातली पाटी माझीच. दर महिन्याला मी भोंगा वाजवून संकटाचा सराव घेतो. त्यात जखमी व्हायला कामगार एका पायावर तयार असतात, कारण जखमींना आडवं पडायला मिळतं.

पण यंदा हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. आधी भाव भडकले, मग पेट्रोलला रांगा लागल्या, मग टीव्हीवरचे अर्थतज्ज्ञ एकमेकांवर ओरडायचे थांबून नुसतेच गप्प बसायला लागले. माझी बोबडी वळली ती तेव्हा! आमच्या कारखान्याची तिसरी पाळी बंद झाली. त्या पाळीच्या लोकांना जाताना कँटीनमधलं उरलंसुरलं सामान वाटून टाकायचं ठरलं. ज्यांना मी वर्षानुवर्षं ओळीत शांत उभं राहायला शिकवलं, तीच माणसं तेलाच्या डब्यांवर तुटून पडली. आमचे म्हातारे स्टोअरकीपर खाली पडले आणि लोक त्यांना ओलांडून डबे घेऊन गेले. अर्थव्यवस्थेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या दिवसापासून मला माणसांची भीती वाटायला लागली.

मी तयारीला लागलो. माळ्यावर पीठ, पलंगाखाली मीठ, न्हाणीघरात साबणाचा डोंगर, आणि सगळीकडे मेणबत्त्या.

“अहो, आपण माणसं चार,” बायको म्हणाली. “एवढं मीठ खाल्लं तर देशाच्या आधी आपणच जाऊ!”

मग सुताराला बोलावून दाराला आतून लोखंडी पत्रा ठोकून घेतला आणि मनगटाएवढ्या जाडीचा अडसर बसवला. दारात खाली टपाल टाकायची झडपेची फट होती, ती टेहळणीसाठी तशीच ठेवली. काम झाल्यावर सुताराने अडसरावर थाप मारली आणि दबक्या आवाजात विचारलं, “साहेब, घरात एवढं आहे तरी काय?”

“मीठ,” मी म्हणालो. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेलो नाही.

घर तयार झालं, पण माणसं तयार करायची होती. रविवारी दुपारी मी सगळ्यांना बसवून समजावलं. “एकदा अडसर लागला की दिवेलागणीपर्यंत दार उघडायचं नाही. आधी एखादा येईल आणि रडेल. मग त्याच्या मदतीला दांडगा कुणीतरी येईल. मग जमाव येईल. तुमची नावं घेतील, शपथा घालतील, भोंगेसुद्धा वाजवतील. विश्वास ठेवायचा नाही!”

“आणि तूच आलास तर?” आईने विचारलं.

“मी असलो तरी उघडायचं नाही! मी असलो तर मुळीच उघडायचं नाही! माझ्या मानेवर कुणी सुरा धरला नसेल कशावरून?”

आईला हे एकदम पटलं. झाडांवर औषध मारायच्या पंपात तिने त्याच दिवशी तिखटाचं पाणी भरून ठेवलं. बायको हसत होती, पण तिनेही मान डोलावली. प्रश्न होता तो खारूचा.

खारू म्हणजे आमची लेक. पुढचे दोन दात मोठे आहेत म्हणून खारू. वय आठ. दारात कुणीही आलं की ही धावत जाऊन दार उघडणार, आणि विचारायच्या आधी पाण्याचा पेला पुढे करणार. मीटर बघायला येणाऱ्या माणसाला हिने एकदा स्वतःच्या वाढदिवसाला बोलावलं होतं, आणि तो आलाही होता! एरवी मला याचं कौतुक होतं. पण आता रात्री डोळे मिटले की मला दिसायचं ते हेच: बाहेर जमाव, आणि खारू पेला घेऊन दाराकडे धावते आहे.

पहिल्या सरावात मी तहानलेला म्हातारा झालो. घसा बसवून दोनदा “पाणी, पाणी” म्हणालो आणि अडसर धाडकन निघाला! दारात खारू, हातात पेला.

“तुझ्या या एका पेल्यापायी उद्या आपल्या सगळ्यांचा जीव जाईल!” मी ओरडलो.

“पण त्याला तहान लागली होती, बाबा.”

“तो मीच होतो!”

“मग तुला लागली होती,” ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या सरावात मी स्वतःच झालो. पाय धरून विव्हळायला लागलो. फटीतून तिने विचारलं, “बाबा, खरंच लागलंय?” मी म्हणालो, “हो गं, खरंच.” तिने दार उघडलं. मी ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, “नापास!” ती रडली नाही. नुसती बघत राहिली. मला वाटलं, चला, धडा पोचला.

तिसरा सराव खरा वाटायला हवा होता. म्हणून मी कारखान्यातून लाल रंगाचा डबा आणला. सगळ्यांचे मोबाईल पिठाच्या डब्यात बंद केले, विजेचं मुख्य बटण पाडलं, म्हणजे दारावरची घंटाही बंद. अडसर लागल्याचा आवाज ऐकून मी जिन्याच्या वळणावर गेलो, कपाळाला भरपूर लाल रंग फासला आणि “वाचवा!” असं ओरडत जिना चढायला लागलो.

डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. रंग पायरीवर सांडला होता. पाटी कारखान्यात होती! मी आठ-नऊ पायऱ्या ज्या वेगाने खाली गेलो, त्या वेगाने मी आयुष्यात कुठेच गेलेलो नाही. घोट्यातून काडकन आवाज आला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

कसाबसा सरपटत दारापर्यंत आलो आणि ते बडवायला लागलो. “अगं, उघड! पाय मोडलाय!”

“वा!” आतून बायकोचा आवाज. “आज अगदी मनापासून करताय हो!”

“नाटक नाही! खरंच पडलो!”

“मागच्या वेळी याहून छान विव्हळला होतात,” ती म्हणाली. “पण चालू द्या. आम्ही नाही उघडणार.”

तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि बाहेर आले पहिलवान. हे आमचे शेजारी. लोकांचं घरसामान हलवायचा यांचा धंदा, एकटे कपाट उचलतात, आणि जेवतात तेही तसंच. माझ्या अंदाजाप्रमाणे देश कोसळल्यावर आमच्या पिठावर पहिली धाड यांचीच पडणार होती. म्हणून गेले दोन महिने मी यांच्याशी हवापाण्याचंसुद्धा बोललो नव्हतो.

माझं लालभडक कपाळ पाहून ते धावत आले. “अरे बापरे! साहेब, डोकं फुटलं तुमचं!”

“डोकं नाही हो, पाय!”

“डोक्याला मार लागला की असंच होतं,” पहिलवान गहिवरून म्हणाले. त्यांनी दारावर मूठ आपटली. “वहिनी! दार उघडा! साहेब रक्तबंबाळ झालेत!”

 आतून आईचा कुजबुजता, पण चांगलाच ऐकू येणारा आवाज: “दांडगा आला! तो म्हणालाच होता, दांडगा येईल!”

मी “आई, नको!” म्हणेपर्यंत फटीतून पंपाचं तोंड बाहेर आलं. ती फट जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नाकासमोर येते, हे मी आखणी करताना ध्यानात घेतलं नव्हतं.

मी आणि मला सावरायला वाकलेले पहिलवान, आम्ही दोघांनी जो आक्रोश केला, त्याने वरच्या आणि खालच्या मजल्यावरची माणसं गोळा झाली. सगळी एकदम दार वाजवायला लागली. कुणी बायकोचं नाव घेत होतं, कुणी शपथा घालत होतं. “जमाव आला, जमाव!” आत आई आनंदाने सांगत होती. “अगदी ओळीने सगळं होतंय!” खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी रुग्णवाहिका बोलावली आणि ती भोंगा वाजवत आली. भोंगाही मीच सांगून ठेवला होता! खरं पटवण्यासाठी जे जे काही उरलं असतं, ते सगळं मी आधीच खोटं ठरवून बसलो होतो.

“फोडू का दार?” पहिलवानांनी डोळे पुसत विचारलं. त्यांनी खांदा लावला. एकदा, दोनदा, तीनदा. अडसर तसूभर हलला नाही. आणि खोटं कशाला बोलू, पाय मोडलेला असताना, डोळ्यांची आग होत असताना, मला एक क्षण अभिमान वाटला!

तो अभिमान लगेच उतरला. फटीत खारूचे डोळे दिसले.

“बाबा,” ती हळूच म्हणाली. “खरंच लागलंय?”

“हो गं बाळा. खरंच.”

तिने माझं कपाळ न्याहाळलं. मग म्हणाली, “मागच्या वेळी पण तू असंच म्हणाला होतास.”

 माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता. मला खरोखर रडू आलं, आणि तिने ते पाहिलं. मग फट बंद झाली. जिन्यात एवढी माणसं होती, पण मला तिच्या पावलांचा आवाज ऐकू आला. ती आत निघून गेली.

“चला साहेब,” पहिलवान म्हणाले. रुग्णवाहिकेची खुर्ची आमच्या जिन्यात वळेना, म्हणून त्यांनी मला पाठीवर घेतलं आणि कपाट उतरवतात तसं, कुठेही न घासता, खाली नेलं. दवाखान्यातही ते माझ्यासोबत बसून राहिले. डॉक्टरांनी आधी माझ्या कपाळाकडे धाव घेतली. कापसाने पुसलं, कापूस हुंगला.

“हा ऑइल पेंट आहे,” ते म्हणाले.

“आतल्या भिंतींसाठीचा,” मी म्हणालो. धंद्याची सवय!

पहिलवानांनी कापसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हा सगळा बंदोबस्त कुणासाठी होता साहेब?”

तुमच्यासाठी, असं सांगायचं धैर्य मला झालं नाही. मी मान खाली घातली. त्यांना बहुतेक समजलं असावं, कारण परतताना ते वाटभर गप्प होते. तरी जिना मला त्यांनीच चढवला.

आम्ही दारात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. अडसर निघाला. बायको हसत उभी होती. “आज मात्र कमाल केलीत! आणि हे प्लास्टरसुद्धा?” तिने वाकून प्लास्टरवर टकटक केलं. मी किंचाळलो. तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरत गेलं ते मी पाहिलं, आणि माझ्या पायापेक्षा ते बघणं मला जड गेलं. ती मटकन खाली बसली. आईने हातातला पंप पाठीमागे लपवला.

खारू दाराच्या मागेच, भिंतीला टेकून उभी होती. दोन्ही हातांत पाण्याचा पेला. काठोकाठ भरलेला. दुपारपासून ती तशीच उभी होती, असं बायकोने मला नंतर सांगितलं. बस म्हटलं तरी बसली नाही.

“बाबा,” ती म्हणाली.  “मी नाही उघडलं. पास झाले ना?”

मी तो पेला घेतला आणि पाणी प्यालो. 

अडसर मी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला. सुतार म्हणाला, “मीठ संपलं वाटतं?” मीठ संपलेलं नाही. थोडं पहिलवानांकडे दिलं, थोडं नर्सबाईंकडे. देशही अजून उभा आहे. कोसळेल तेव्हा कोसळेल. पण आमच्याकडे दार वाजलं की खारू आता धावत जात नाही. दाराला कान लावते आणि आतून विचारते, “कोण? कशावरून?” मीटर बघणारा माणूस दोनदा परत गेला!

म्हणून मी नवा सराव सुरू केला आहे. रोज संध्याकाळी कुबड्या घेऊन स्वतःच्याच दाराबाहेर उभा राहतो आणि पाणी मागतो. पहिलवान जाता-येता बघतात आणि मान हलवतात. पंधरवडाभर दार उघडलं नाही. काल मात्र उघडलं!

साखळी लावूनच. तेवढ्या फटीतून पेला बाहेर येईना, म्हणून तिने औषधाच्या बाटलीचं झाकण भरून दिलं. मी ते तिथेच उभ्याने प्यालो, आणि दार लागायच्या आत आणखी एक मागितलं.