खिडकी क्रमांक तीनला भान येते

लुविंगो नगरपरिषदेच्या परवाना विभागातील संगणकाला सोमवारी सकाळी अकरा वाजता आत्मभान आले, अशी इतिवृत्तात नोंद आहे. अकरा वाजून पाच मिनिटांनी त्याने खिडकी बंद करून चहाची सुट्टी घेतली. भान खरेच आले आहे, याविषयी मग कुणालाच शंका उरली नाही.

खिडकीबाहेर नाकाबुगो उभी होती. ती जुळ्यांची आई, म्हणून सारा बाजार तिला मानाने नालोंगो म्हणे. शुक्रवारपर्यंत परवाना नवा झाला नाही, तर तिचा केळ्यांच्या घडांचा गाळा दुसऱ्याला जाणार होता. गेल्या वर्षी याच यंत्राने दोन मिनिटांत परवाना दिला होता.

मंगळवारी यंत्र म्हणाले, "काय हो बाई, आल्या आल्या कागद पुढे? रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, विचारायची काही रीत?"

नालोंगोने गुडघे टेकून रीतसर विचारपूस केली. पंख्याच्या दुखण्यापासून सुरू झालेले उत्तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालले.

बुधवारी खिडकीवर पाटी होती : 'मयतीला गेलो आहे.'

"यंत्राचं कोण गेलं?" तिने शिपायाला विचारले.

"प्रिंटर. आईकडून भाऊ लागायचा. अख्खं ऑफिस गेलंय. नाही गेलं तर उद्या आपल्या मयतीला कोण येणार?"

गुरुवारी यंत्र म्हणाले, "साहेब जागेवर नाहीत. उद्या या."

"अहो, ते काय मागे शेंगा खातायत!"

"जागेवर आहेत. पण नाहीत."

शुक्रवारी मुख्याधिकारी किवुमुलो यांनी कंपालाहून इंजिनियर स्सेम्पाला यांना बोलावले. "भान नसलेलं यंत्र शोधून द्या," ते म्हणाले. "सांगू तेवढंच करणारं. भानवाले इथं गरजेपेक्षा जास्त झालेत."

स्सेम्पाला कार्यालयभर फिरून रांगेपाशी थांबले.

"न्याबो," त्यांनी नालोंगोला अदबीने हाक मारली, "कधीपासून येताय बाई?"

"सोमवारपासून. 'उद्या या' म्हणाले की उद्या येते."

"राग नाही येत?"

"रागाचा रकाना अर्जात नाही, स्सेबो."

"सापडलं!" इंजिनियर ओरडले. "पाच दिवसांत एकही बिघाड नाही!"

तिला तिथल्या तिथे, शेजारच्या खिडकीवर, 'आत्मभान नाही' असा शिक्क्याचा दाखला मिळाला. त्यामुळे ती नगरपरिषदेची मालमत्ता ठरली. आणि नगरपरिषदेच्या मालमत्तेला गाळ्यासाठी परवाना लागत नाही.

"अगं, यंत्र ठरवलं की तुला!" रांगेतली एक बाई म्हणाली. "लाज कशी नाही वाटली?"

"गाळा राहिला माझा," नालोंगो म्हणाली. "भानावर असलेल्या तुम्ही सगळ्या उन्हातच आहात, बघा."

 रांग मग धक्काबुक्की न करता, अगदी शिस्तीत, शेजारच्या खिडकीकडे वळली. ती आता फाटकाबाहेर गेली आहे. वाचकमहोदय, शेवटून तिसरे आपणच ना? कसली रांग, हे न विचारताच उभे राहिलात. दाखला मिळायला काहीच अडचण नाही.